घरविक्रीतली झाकली मूठ



'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुधा ती घराण्याच्या अब्रूबद्दल बोलताना वापरली जाते. पण घर आणि जमीन यांच्या बाजारात ती अगदी अक्षरशः खरी आहे. विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ होते, परड्यातल्या वाटेवर शेजाऱ्याची वहिवाट आहे, सातबाऱ्यावर मुंबईच्या चुलतभावाचे नाव आहे आणि त्याला अजून कोणी विचारलेले नाही, हे सारे मुठीत असते तोवर घराची किंमत सव्वा लाख. मूठ उघडली की ती ऐंशी हजारांवर येते. मधले पंचेचाळीस हजार ही न बोलण्याची किंमत होय. ही किंमत कोणी सोसायची, विकणाऱ्याने, घेणाऱ्याने की मध्ये उभ्या असलेल्या दलालाने, याबद्दल माणसे दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाद घालत आली आहेत. त्या वादाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत, सभासदांचे कागद वाचता वाचता झाले. तेव्हा एखाद्याला वाटेल की पगार, बोनस, बडतर्फी यांत आयुष्य घालविलेल्या माणसाचा घरखरेदीशी काय संबंध? संबंध सरळ आहे. कामगार आपले श्रम दरमहा विकतो आणि त्या व्यवहारात चुकला तर पुढच्या करारात दुरुस्ती करतो. घर मात्र तो जन्मात एकदाच विकत घेतो. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून तीस-पस्तीस वर्षांच्या घामाचा जो पैसा हाती येतो, तो एका दिवसात, एका सहीने दुसऱ्याच्या हाती जातो. समोरचा दलाल महिन्याला तसे चार व्यवहार करतो. एकाला सगळे ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच ठाऊक नाही, अशा दोघांमधल्या सौद्याला खुषीचा सौदा म्हणणे कठीण आहे.

आपल्या किनाऱ्यावर दोष कसे लपतात, ते आधी पाहू. मुंबईचा चाकरमानी घर पाहायला येतो तो गणपतीत. भाद्रपदात विहीर, आमच्याकडे जिला बाव म्हणतात, ती काठोकाठ भरलेली असते. पाणी गोड असते, परडे हिरवेगार असते, आणि पावसाने भिजलेला चिरा सगळीकडे सारखाच दिसतो. आमच्या संघटनेतला एक निवृत्त कामगार असाच खाडीकाठच्या एका गावात जुने घर घेऊन बसला. पुढच्या वैशाखात बावीचे पाणी तोंडात घालवेना. शेजारच्या म्हातारीला त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे बाबा, हय पाणी वैशाखात चाखान बघूचा, मगे इसार देवचो." म्हातारीला ठाऊक होते, साऱ्या वाडीला ठाऊक होते, व्यवहार जुळवणाऱ्या मध्यस्थालाही ठाऊक होते. ज्याने पैसे मोजले त्याला तेवढे ठाऊक नव्हते. त्याने मध्यस्थाला गाठले तेव्हा उत्तर मिळाले, "तुम्ही विचारलंत कुठे?" हे उत्तर श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ते फार जुने आहे.

किती जुने, ते पाहण्यासाठी थोडा वेळ रोमला जाऊ. ख्रिस्तपूर्व ४४ साली सिसेरो या रोमन वक्त्याने कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घरविक्रीची चर्चा आहे. एक गृहस्थ घर विकतो आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात, लाकूडकाम कुचके आहे, आणि हे धन्याखेरीज कोणालाही माहीत नाही. त्याने ते सांगावे काय? सिसेरोने दोन तत्त्ववेत्त्यांचे मत समोरासमोर ठेवले आहे. एकाचे म्हणणे असे की विकणाऱ्याने खोटे बोलू नये एवढे पुरे, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे असे की वाटसरूला चुकलेली वाट न दाखवणे हा दोष असेल, तर जाणूनबुजून माणसाला नुकसानीत लोटणे हा त्याहून मोठा दोष आहे. सिसेरोने कौल दुसऱ्याच्या बाजूने दिला.

त्याच ग्रंथात एका खऱ्या खटल्याची हकीकत आहे. रोममध्ये शकुन पाहणारे सरकारी पुरोहित असत. सेंटुमॅलस नावाच्या माणसाच्या सीलियन टेकडीवरील उंच इमारतीमुळे त्यांना आकाश नीट दिसेना, म्हणून उंचीचा भाग पाडावा असा त्यांनी त्याला हुकूम दिला. सेंटुमॅलसने हुकूम गुंडाळून ठेवला आणि इमारत विक्रीला काढली. कॅल्पर्नियस नावाच्या माणसाने ती घेतली. पुरोहितांनी त्यालाही तोच हुकूम दिला आणि बिचाऱ्याने तो भाग पाडला. आधीच्या मालकाला हुकूम अगोदर मिळाला होता हे नंतर कळताच त्याने दावा लावला. न्यायाधीश मार्कस कॅटो यांनी निवाडा दिला की विकताना ठाऊक होते आणि सांगितले नाही, तर नुकसान विकणाऱ्याने भरून द्यावे. पाडकामाची नोटीस खिशात ठेवून इमारत विकण्याची ही जगातली एक जुनी नोंद आहे. आपल्याकडे ती पुढे कशी अवतरली ते ओघाने येईलच.

आता आपल्या देशाकडे वळू. नारदस्मृतीने मालाच्या विक्रीबद्दल स्पष्ट सांगितले आहे की निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याकडून दुप्पट किंमत वसूल करावी आणि तेवढाच दंडही घ्यावा. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते कौटिल्याचे अर्थशास्त्र. हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ साली तो छापून निघाला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रीचे नियम आहेत. घर किंवा जमीन विकायची झाली तर नातेवाईक, शेजारी आणि सावकार यांना त्या क्रमाने ती घेण्याचा हक्क. विक्री व्हायची कोठे? त्या घराच्या दारात, शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष. सीमा मोठ्याने सांगावयाच्या, 'या किमतीला कोण घेतो?' असे तीनदा पुकारावयाचे, आणि कोणी हरकत घेतली नाही तरच घेणाऱ्याने घ्यावयाचे.

यातली युक्ती ध्यानात घ्या. कौटिल्याने विकणाऱ्याच्या सचोटीवर विसंबून राहण्याचे नाकारले. ज्या माणसांना त्या घराचे सगळे गुणदोष माहीत आहेत, त्यांनाच सौद्याच्या जागी आणून उभे केले. पाणी वैशाखात कसे असते हे चाळीस घरांपासून कोण लपवणार? तोच धागा मराठेशाहीच्या खरेदीखतांत आणि मिरासपत्रांत दिसतो. त्यांत चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नावांनिशी असते. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांची साक्ष असते. पुढे कोणी कथळा केला तर त्याचे निवारण आम्ही करू, अशी विकणाऱ्याची हमी असते. आपल्या गावऱ्हाटीतही महत्त्वाची गोष्ट बारा-पाचांच्या मानकऱ्यांपुढे बोलून पक्की करण्याची रीत होती.

मात्र जुने ते सोने म्हणून मी हे सांगत नाही. त्या गावसभेत सर्वांना सारखे स्थान नव्हते. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, त्याला त्या चतुःसीमेत जागा विकत घेणे कठीणच होते. भाऊबंदांचा आणि शेजाऱ्यांचा पहिला हक्क म्हणजे परक्याला दार बंद. चाळीस कुळे सत्य सांगत, ते आपसांत. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. तिच्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच: दोष ठाऊक असलेला माणूस व्यवहाराच्या वेळी हजर असला पाहिजे आणि तो बोलला पाहिजे.

इंग्रजी अमदानीत व्यवहार घराच्या दारातून उठला आणि कचेरीत गेला. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाने फसवणुकीची व्याख्या केली आणि तिला एक स्पष्टीकरण जोडले. केवळ गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. बोलणे हे ज्याचे कर्तव्य आहे, किंवा ज्याचे मौन हेच बोलण्यासारखे आहे, त्याचे मौन तेवढी फसवणूक. 'खरेदीदारा, सावध राहा' हे इंग्लंडातले जुने सूत्र त्यात डोकावते. "तुम्ही विचारलंत कुठे?" या उत्तराला या सूत्राचाच आधार आहे.

पण दहाच वर्षांत, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने एक मोठे पाऊल पुढे टाकले. हा कायदा मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचे ५५ वे कलम सांगते की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला दिसला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. १९२९ च्या दुरुस्तीने मालकी हक्कातल्या दोषाचाही त्यात समावेश केला. हे न सांगणे म्हणजे कपट, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे बोलणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरले. कॅटोचा निवाडा असा एकोणीसशेहून अधिक वर्षांनी आपल्या कायद्यात आला.

तरी या कलमाला दोन भोके राहिली. कलमाची सुरुवातच 'उलट करार नसेल तर' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. त्यामुळे 'आहे त्या स्थितीत, पाहून-सवरून घेतले' हे वाक्य खरेदीखतात शिरले. दुसरे भोक त्याहून मोठे. कायदा विकणाऱ्याशी आणि घेणाऱ्याशी बोलतो. दोघांच्या मध्ये बसलेल्या माणसाचे त्यात नावच नाही. नोंदणी कचेरीतले दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, मालकी तपासत नाहीत आणि विहिरीचे पाणी तर नाहीच नाही. उलट नोंदलेला दस्त घेणाऱ्याला माहीत आहे असेच कायदा धरून चालतो. चाळीस कुळे गेली आणि त्यांच्या जागी दोन साक्षीदार आले, ते पुष्कळदा कचेरीच्या आवारातलेच. 'जाहीर नोटीस' म्हणून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी येतात. 'कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे' ही कौटिल्याच्या तीन पुकाऱ्यांची उरलेली सावली आहे. ज्या हिस्सेदाराची हरकत असावयाची, तो लालबागेत किंवा नालासोपाऱ्यात राहतो आणि ते पत्र त्याच्या हाती पडत नाही.

अशा रीतीने शेजाऱ्याची जागा रिकामी झाली आणि तेथे दलाल येऊन बसला. कोणाचा सामायिक हिस्सा कोठे अडला आहे, कोणत्या जमिनीला कूळ आहे, कोणते घर का पडून आहे, हे शेजाऱ्याजवळचे ज्ञान आता त्याच्याजवळ आले. शेजाऱ्याची लाज मात्र त्याच्याकडे आली नाही. शेजाऱ्याला नव्या मालकाच्या भिंतीला भिंत लावून जन्म काढावयाचा असे. दलालाचा संबंध दलाली हाती पडेपर्यंतचा.

आता मुंबईकडे पाहू, कारण सिंधुदुर्गच्या घराची गोष्ट मुंबईवाचून पुरी होत नाही. गिरणगावात आमच्या माणसांनी गावकरी मंडळांच्या खोल्या केल्या. एका खोलीत एकाच गावचे पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. तेथे दलालाला वाव नव्हता, कारण खोलीत गळते कोठे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. पुढे कुटुंबे आली आणि चाळीतली स्वतंत्र खोली हवीशी झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पगडी घेणे हा गुन्हा ठरविला. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता. पण जागेची टंचाई संपली नाही, म्हणून पगडी बंद न होता चोरटी झाली. पावती नाही, कागद नाही, त्यामुळे फसलेल्याला तक्रारही नाही. पुढे १९९९ च्या कायद्याने अशा रकमेला मान्यता दिली. मधल्या अर्धशतकात जागेचा दोष तोंडातोंडी दडवण्याची सवय एका पिढीला लागून गेली.

त्याच सुमारास मालकीचे फ्लॅट ही नवी चीज बाजारात आली. गैरप्रकार इतके वाढले की राज्य सरकारने २० मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मून तीन आठवडे होत नाहीत तोच, चौकशी समिती नेमली. समितीने जून १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १९६३ साली मालकीच्या फ्लॅटांचा कायदा झाला. लोक त्याला मोफा म्हणतात. बांधणाऱ्याने जमिनीवरील आपल्या हक्काची संपूर्ण आणि खरी माहिती द्यावी, तीवरचा बोजा सांगावा, मंजूर नकाशे दाखवावेत, आणि ताबा दिल्यापासून तीन वर्षांत दोष निघाला तर दुरुस्त करून द्यावा, अशी सक्ती त्याने केली. त्या काळाच्या मानाने हा कायदा फार चांगला होता. पण दलालासाठी वेगळे कर्तव्य त्यातही नव्हते.

कायदा चांगला असून काय होते, ते वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीने दाखविले. १९८० च्या दशकात तेथे सात इमारती उभ्या राहिल्या. परवानगी थोड्या मजल्यांची होती, पण एक इमारत २० मजली झाली, दुसरी १७ मजली. महापालिकेने १९८४ मध्येच काम थांबवण्याची नोटीस दिली होती. तरी फ्लॅट विकले गेले, संसार थाटले गेले, मुले मोठी झाली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजले पाडण्यावर शिक्कामोर्तब केले. सेंटुमॅलसच्या खिशातली नोटीस ती हीच. फरक एवढाच की येथे न्यायालयाने घेणाऱ्यांनाही सोडले नाही. सुधारित नकाशे मंजूर झालेले नाहीत याची त्यांना कल्पना होती, असे न्यायालयाने नमूद केले. स्वस्त मिळते म्हणून काणाडोळा करणाराही मूठ झाकण्यात भागीदार होतो, हा त्यातला धडा कडू आहे पण खरा आहे.

आणि सगळेच दोष पैशांत मोजता येत नाहीत. २४ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या कोकणातच, महाडला, तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे प्राणाला मुकली. फार जुनी इमारत नव्हती ती. घर पाहायला आलेल्याला रंग दिसतो, फरशी दिसते. खांबाच्या पोटात काय आहे ते त्याला कसे दिसावे?

दलालाच्या कर्तव्याचा प्रश्न नेमकेपणाने सुटला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. १९७६ साली एका बाईने तेथे १,७०,००० डॉलर्सना घर घेतले. घर भरावाच्या जमिनीवर होते आणि भराव नीट दाबलेला नव्हता. थोड्याच दिवसांत जमीन खचली आणि घर कवडीमोल झाले. जमीन पूर्वीही खचली होती, पण विकणाऱ्यांनी ते दलालांनाही सांगितले नव्हते. म्हणजे आम्हाला काय ठाऊक, असे म्हणायला दलाल मोकळे होते. परंतु एकाला उतारावर टाकलेली जाळी दिसली होती, दुसऱ्याला जमीन एका बाजूला कललेली दिसली होती. १९८४ मध्ये 'ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर' या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले की दलालाचा डोळा हा सरावलेला डोळा आहे. ठाऊक असलेले सांगणे एवढ्यावर त्याचे काम संपत नाही. योग्य काळजीने पाहिले असता जे कळले असते, तेही पाहून त्याने सांगितले पाहिजे. पुढे त्या राज्याने हे तत्त्व कायद्यात घातले आणि १९८७ पासून दोषांचा छापील तक्ता भरून देणे विकणाऱ्याला सक्तीचे केले.

आपल्याकडे दलालाचे नाव कायद्यात ठळकपणे आले ते २०१६ च्या रेरा कायद्याने. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी करावी लागते. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देण्यास त्याला बंदी आहे, आणि ग्राहकाचा ज्या कागदांवर हक्क आहे ते बुकिंगच्या वेळी मिळवून देणे हे त्याचे काम आहे. २०२३ मध्ये महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्राची अटही घातली. बांधकामातल्या दोषाची बांधणाऱ्याची जबाबदारी तीनऐवजी पाच वर्षांची झाली. मालकी हक्कच सदोष निघाला तर त्याच्या भरपाईला मुदतीची आडकाठी राहिली नाही.

हे सर्व स्वागतार्ह आहे. पण त्याच्या मर्यादा ओळखून असावे. पहिली मर्यादा अशी की आपल्या डोळ्यांना दिसलेला दोष दलालाने आपणहून सांगावा, असे थेट शब्द त्या कलमात नाहीत. दुसरी मर्यादा आपल्या जिल्ह्याला फार जवळची आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या छोट्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि जुने चिरेबंदी घर, परडे, बाव, भरड जमीन यांच्या फेरविक्रीला तर ती मुळीच नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या खेड्यांत जे हात बदलते ते बहुतेक याच प्रकारचे. तेथे आजही आधार १८८२ च्या ५५ व्या कलमाचाच. तिसरी मर्यादा डोंबिवलीने दाखविली. तेथील ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या परवानग्यांचे बनावट कागद करून त्यांच्या जोरावर रेराची नोंदणीही मिळवली गेली होती. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. शिक्का पाहून निश्चिंत झालेल्यांची झोप उडाली.

आतापर्यंत मी घेणाऱ्याची बाजू सांगितली. परंतु आपल्या किनाऱ्यावर पुष्कळदा गरीब माणूस हा विकणारा असतो. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रत्येक वेळी काय येणार हे आधी कोणाला कळते? ज्याची कचेऱ्यांत ऊठबस आहे त्याला. कातळावरची जमीन पडीक म्हणून मातीमोलाने देणाऱ्या शेतकऱ्याला ते कळते ते शेवटी. येथे मूठ झाकलेली असते घेणाऱ्याची. मौज अशी की ५५ वे कलम घेणाऱ्यावरही बोलण्याचे कर्तव्य टाकते. विकणाऱ्याचा त्या मालमत्तेतला हक्क त्याच्या समजुतीपेक्षा मोठा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असेल, आणि त्याने किंमत बरीच वाढत असेल, तर त्याने ते सांगितले पाहिजे. पण हे हक्कापुरतेच. उद्या शेजारून रस्ता जाणार आहे, हे सांगण्याची सक्ती त्यात नाही. शेतकऱ्याला ती माहिती त्याच्या ग्रामसभेनेच मिळवून द्यावी लागेल.

आता दलालाची बाजू. तीही ऐकली पाहिजे, कारण तोही बहुधा आपल्याच गावचा, नोकरी न मिळालेला तरुण असतो. त्याला पगार नाही. सौदा झाला तर दलाली, मोडला तर पेट्रोलही खिशातले. दोष सांगून सौदा मोडणाऱ्या प्रामाणिक दलालाला आपला समाज एक पैसा देत नाही आणि गप्प बसणाऱ्याला दोन्हीकडून दलाली देतो. मजुरीचा दर ठरवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यातली मेख चटकन दिसते. ज्या कामाचा मोबदला मिळतो ते काम होते. आपण मौनाचा मोबदला देत आहोत. म्हणून दलालाला शिव्या देऊन भागणार नाही, त्याच्या मोबदल्याची रीत बदलली पाहिजे. कागद तपासण्याचे, मोजणी पाहण्याचे, शेजाऱ्यांना विचारण्याचे काम केल्याची ठराविक फी, सौदा होवो वा न होवो, देण्याची आपली तयारी हवी.

कारखान्यांत आम्ही हीच लढाई पाहिली आहे. कोणत्या पिंपात कोणते रसायन आहे हे मालकाला माहीत असे, कामगाराला नसे. १९८४ मध्ये भोपाळला हजारो जीव गेले तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याची माहिती कामगारांना देणे कारखानदाराला सक्तीचे झाले. तरीही जेथे संघटना होती तेथेच ती माहिती फळ्यावर लागली. बाकीच्या ठिकाणी कलम पुस्तकात राहिले. घराच्या बाबतीत निराळे घडेल असे मानण्याचे कारण नाही.

तेव्हा करावयाचे काय? माझी सूचना साधी आहे. इसारा देण्यापूर्वी एक कागद करावा आणि त्यावर विकणारा व दलाल या दोघांची सही घ्यावी. त्यात सात प्रश्न असावेत. वैशाखात विहिरीला पाणी किती आणि कसे असते? २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात पाणी कोठवर आले आणि छपराचे काय झाले? सातबाऱ्यावरचे सर्व हिस्सेदार कोण आणि त्यांची संमती आहे काय? इतर हक्कांत कुळाची, बँकेची किंवा वनखात्याची नोंद आहे काय? जागा सागरी नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये, येते काय? रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर? आणि कोणत्याही कचेरीची नोटीस किंवा कोर्टातला दावा चालू आहे काय? "तुम्ही विचारलंत कुठे?" ही पळवाट या कागदाने बंद होते. विचारले होते याचा पुरावा राहतो, खोटे उत्तर दिले तर ते कपट ठरते, आणि उत्तर द्यायचे टाळले तर तेच उत्तर समजून मागे फिरावे.

दुसरे असे की घर पाहायला भाद्रपदात जावे, पण ठरवायला वैशाखात जावे. एक दिवस त्या वाडीत काढावा. चार दारांवर जाऊन, पाणी मागून पिऊन, चौकशी करावी. आणि आपण जे गावात राहतो त्यांनी, परका कोणी विचारायला आला तर 'आपल्याला काय करायचे' म्हणून तोंड फिरवू नये. त्या निवृत्त कामगाराची तीस वर्षांची कमाई बुडाली, ती एकट्या दलालाच्या मौनाने बुडालेली नाही. सारी वाडी गप्प होती. चाळीस कुळांना आता कोणी पुकारा करून बोलवत नाही हे खरे. पण त्यांपैकी एकाने जरी वेळेवर तोंड उघडले, तरी एका माणसाचे घर वाचते.